पाय टेकतात ना?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. मोटारसायकल चालवायची तर वयाची अठरा वर्षं पूर्ण हवीत, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. पण तो झाला दिल्लीचा कायदा. महाराष्ट्रातल्या घराघरांत त्याच्या कितीतरी आधीपासून दुसराच एक कायदा लागू आहे. त्यात वयाचा उल्लेखच नाही. त्याला एकच कलम: पाय टेकतात ना?

टेकले की मुलगा मोठा झाला. पूर्ण पाऊल टेकायला हवं असंही नाही, चवडे पुरतात. उंचीला कमी असलेल्यांना सवलत म्हणून एकाच पायाचा चवडा टेकला आणि दुसऱ्या बाजूला फुटपाथचा आधार असला तरी चालतं. ही परीक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये होते, बहुतेक रविवारी सकाळी. परीक्षक मंडळात वडील, सुट्टीला आलेले आतोबा, आणि घरात थांबलो तर माळा साफ करावा लागेल या भीतीने खाली उतरलेले दोन शेजारी. "स्टँडवरून काढ... हं. आता परत लाव." मेन स्टँडवर गाडी चढवणं हा या परीक्षेतला अवघड पेपर. मुलगा दातओठ खात, एक पाय स्टँडवर देऊन गाडी मागे ओढतो, गाडी खाडकन चढते, आणि आतोबा म्हणतात, "जमतंय की रे!" गाडी उभी करता येते हे सिद्ध झालं, म्हणजे चालवता येणारच, असं मंडळ एकमताने ठरवतं.

अभ्यासक्रम मात्र फार आधी सुरू झालेला असतो. तिसऱ्या वर्षी स्कूटरच्या पुढच्या मोकळ्या जागेत मूल उभं करायचं, त्याने आरशांच्या दोन दांड्या धरायच्या, आणि त्याच्यावर पहिली जबाबदारी टाकायची ती हॉर्नची. आपल्याकडच्या माणसाला ब्रेक कळण्याच्या दहा-बारा वर्षं आधी हॉर्न येतो, त्याचं मूळ इथे आहे. सातव्या-आठव्या वर्षी वडील त्याचा इवलासा हात आपल्या हाताखाली घेऊन अ‍ॅक्सिलरेटर पिळायला देतात आणि मागे बसलेल्या आईला ओरडून सांगतात, "बघ, कोण चालवतंय!" अकराव्या वर्षी गाडी पुसण्याची आवड उत्पन्न होते. जो मुलगा जेवलेलं ताट उचलून मोरीत ठेवत नाही, तो एका रविवारी अचानक बादली आणि फडकं घेऊन खाली जातो. आईला वाटतं, सुधारला. खाली तो सीटवर बसून चवडे किती टेकतायत ते बघत असतो.

आणि मग एके दिवशी दळण येतं.

माझं ठाम मत आहे की महाराष्ट्रात लायसन्स देण्याचा खरा अधिकार आरटीओच्या हातात कधी नव्हताच, तो गिरणीच्या हातात आहे. वडील तसे भित्रे असतात. "दहावी होऊ दे, मग बघू," म्हणत ते वर्ष ढकलतात. आई व्यवहारी. बुधवारची संध्याकाळ, पिठाचा डबा तळाला गेलेला, गिरणी आठला बंद होणार, रात्री नणंद जेवायला येणार, आणि समोर सोफ्यावर चौदा वर्षांचा, साडेपाच फुटांचा मुलगा मोबाइल घेऊन आडवा पडलेला. "ऊठ रे, दळण टाकून ये. गाडी घेऊन जा हवं तर. पण गल्लीतूनच जा हं, मेन रोडला नको." झालं. लायसन्स मिळालं. फोटो नाही, अर्ज नाही, एजंट नाही, तो इंग्रजी आठचा आकडा काढणं नाही.

'गल्लीतूनच जा' हे घरच्या कायद्याचं पोटकलम. गल्लीत अपघात होत नाहीत, अशी त्यामागची श्रद्धा. वास्तविक आमच्या गल्लीत चार कुत्री आहेत, टेनिस बॉलचं क्रिकेट आहे, मागे न बघता मागे येणारा पाण्याचा टँकर आहे, ड्रेनेजचं झाकण रस्त्यापेक्षा चार बोटं वर आहे, आणि एका बंगल्यातली गाडी कोणत्याही क्षणी फाटकातून बाहेर येते. पण हे सगळे ओळखीचे. ओळखीचं माणूस धडकत नाही. शंभर किलोंहून जड गाडी, पायांमध्ये गव्हाचा डबा, त्यामुळे दोन्ही गुडघे बाहेर, अशा थाटात चिरंजीव गिरणीवर पोचतात. गिरणीवाला विचारतो, "काय शेठ, आज गाडीवर?" चिरंजीव घोगऱ्या आवाजात "हो" म्हणायला जातात आणि नेमका त्याच वेळी आवाज फुटतो.

दळणानंतर कोथिंबीर. एका जुडीसाठी एकशेदहा सीसीचं इंजिन सुरू करायचं. कोथिंबिरीनंतर आजीची बीपीची गोळी, हे तर पुण्यकर्मच. आणि त्यानंतर क्लास. क्लास आला की गल्ली संपते आणि मेन रोड लागतो, पण तोवर कोणाला आठवतच नाही की मधे काही हद्द ठरली होती.

"हल्लीची मुलं ऐकत नाहीत हो, गाडी काढून पळतात," असं बायाबापड्या आणि वर्तमानपत्रं दोघंही म्हणतात. मी बघितलेल्या बहुतेक मुलांवर गाडी पळवायची वेळच आलेली नाही. चावी फ्रिजवरच्या वाटीत होती आणि पिशवी आईने हातात दिली होती. पोरगं एखाद्या वेळी नाही म्हणालं तर त्यालाच ऐकवतात, "एवढा घोडा झालास, एक काम होत नाही?"

क्लास लांब असतो का? मी चौकशी केली. आमच्या भागातल्या कितीतरी मुलांचा क्लास पायी पंधरा मिनिटांवर आहे. सायकलने तर पाच. पण सायकल मुलाकडे नाही, ती वडिलांकडे आहे. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. त्या शहरात आज चांगली सायकल दिसते ती पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या गृहस्थांखाली. रविवारी पहाटे अंगाला चिकटणारे झगमगीत कपडे घालून, मोजे वर ओढून, डोक्यावर हेल्मेट घट्ट बांधून बाबा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत घाम गाळायला जातात. सायकलीवर हेल्मेट, कारण ती महाग सायकल विकणाऱ्याने तसं सांगितलंय. सोमवारी हेच बाबा उघड्या डोक्याने मोटारसायकलवरून ऑफिसला. आणि चिरंजीव पाच मिनिटांच्या क्लासला दुचाकीवर, डोक्यावर केसांचा कोंबडा. घाम गाळायचं काम घरात एकाने केलं की पुरे.

हेल्मेटचा विषय मी पुण्यात वाढवणार नाही. १ जानेवारी २०१९ पासून इथे हेल्मेटची कारवाई कडक झाली तेव्हा तिच्याविरुद्ध कृती समिती होती, मोर्चे होते, भाषणं होती. स्वतःचं डोकं फुटण्याचा हक्क इतक्या निष्ठेने मागणारं दुसरं शहर मला माहीत नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत हेल्मेट न घातलेली ५०,०२९. आणि अठरा वर्षांखालची मुलं ९,५२८; चालवणारी, मागे बसलेली, रस्ता ओलांडणारी, सगळी मिळून. दिवसाला सव्वीस. हे आकडे विनोदी लेखात नीट बसत नाहीत, पण काढलेही जात नाहीत, म्हणून तसेच ठेवतो.

सरकारने पोरांचा विचार केलाच नाही असं मात्र नाही. कायद्यात सोळा वर्षांच्या मुलांसाठी एक सोय आहे: पालकांची संमती असेल तर पन्नास सीसीपर्यंतची, गिअर नसलेली गाडी चालवता येते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लुना असणार. ही गाडी पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ साली आणली. तिला पायडल होतं. चढ आला की गाडीने मुलाला न्यायचं की मुलाने गाडीला, हे दोघांनी सामोपचाराने ठरवायचं. कुत्रं मागे लागलं तर पुढे निघून जायचं आणि वळणावर वाट बघत बसायचं. अशा गाडीवर सोळा वर्षांच्या मुलाने काय दिवे लावले असते? फार तर एक, तोही पुढचा, आणि तोही गाडी पळत असली तर.

पुढे लुना गेली, पन्नास सीसीच्या तिच्या बहिणीही एकेक करून दुकानांतून गेल्या. सवलत तेवढी कागदावर राहिली. म्हणजे आजची परिस्थिती अशी की सोळा वर्षांच्या मुलाला सरकारने जिची परवानगी दिली आहे ती गाडी दुकानात नाही, आणि दुकानात जी आहे तिची परवानगी नाही. फटीतून शिरलेली एक विजेची दुचाकी आहे. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी असेल तर तिला नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. पण चिरंजीवांना ती पसंत पडत नाही. मग एखादा दुकानदार इकडेतिकडे बघून हळूच सांगतो, "स्पीड वाढवून देऊ का?"

आता शिक्षा बघा. १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात १९९-अ नावाचं कलम आलंय. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ लायसन्सही नाही. हे शेवटचं मला फार आवडलं. अठराव्या वर्षी तो मत देईल, एकविसाव्या वर्षी लग्न करील, आणि ज्या वयात त्याला कायदेशीररीत्या आमदारकीला उभं राहता येतं, त्याच वयात गाडीच्या मागे लाल अक्षरातला एल लावून आरटीओत उभं राहता येईल. लग्नात त्याची अडचण होणार नाही. घोड्याला लायसन्स लागत नाही.

'पालक किंवा मालक' यात मालक कोण, तेही बघायला हवं. आपल्याकडे गाडी कोणाच्याही नावावर असते. आमच्या ओळखीच्या एका घरात ती आजींच्या नावावर आहे, कारण घेतली तेव्हा बाबांच्या पत्रिकेत वाहनयोग नव्हता. आजींचा त्या गाडीशी आजवरचा संबंध म्हणजे दसऱ्याला झेंडूचा हार आणि हळदकुंकू. नातवाने कोणाला उडवलं तर कायद्याचं बोट वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्यांच्याकडे वळू शकतं. शिवाय लायसन्स नसलेल्याने ठोकलं तर विमा कंपनी बऱ्याचदा जखमी माणसाला पैसे देते आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करायला येते. आजींची एफडी किती आहे हे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना प्रथमच कळेल.

'मला माहीतच नव्हतं' असं पालकाने सिद्ध केलं तर सुटका आहे. पण सिद्ध करणार कसं? बाबांच्या स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर मुलाचा गाडीवरचा व्हिडिओ असतो, मागे दमदार गाणं आणि खाली 'माझा वाघ'.

मे २०२४ मध्ये पुण्यात, कल्याणीनगरला, एका पोर्शे गाडीने मोटारसायकलला उडवलं आणि दोन तरुण आयटी अभियंत्यांचा जीव गेला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप. त्याला पहिल्यांदा जामीन मिळाला तेव्हाच्या अटींत एक अशी होती की त्याने अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहावा. देशभर संताप उसळला आणि आदेश बदलावा लागला. मला राहून राहून त्या शब्दमर्यादेचं नवल वाटतं. मी तीनशे शब्द केव्हाच मागे टाकले आणि तेव्हा मी जेमतेम दळणापर्यंत पोचलो होतो.

आता फोन.

गाडी चालवताना फोनवर बोलण्याचे आपल्याकडे तीन घरंदाज प्रकार आहेत. पहिला, मान खांद्याकडे वाकवून मधे फोन दाबणे. या घराण्यातले लोक जग कायम पंचेचाळीस अंशांत बघतात. सरळ उभा विजेचा खांब त्यांना पडत असलेला दिसतो आणि पडत असलेला माणूस सरळ. दुसरा प्रकार स्कार्फचा. चेहऱ्याभोवती ओढणीचे तीन वेढे, त्यात कानाशी फोन खोचलेला. वरून काही दिसत नाही, मुलगी एकटीच हसतेय, रागावतेय, "अगं काय सांगतेस!" म्हणतेय, आणि शेजारच्या रिक्षावाल्याला वाटतं आपल्यालाच म्हणाली. तिसरा प्रकार हेल्मेटचा. कान आणि हेल्मेट यांच्यामधे फोन सरकवला की तो घट्ट बसतो, हात मोकळे राहतात. हेल्मेटविरोधी पुण्यातही हेल्मेटचा हा उपयोग सर्वमान्य आहे.

चौथा प्रकार बोलण्याचा नव्हे, वाचण्याचा. यात तरुण पिढीचा हातखंडा. फोन टाकीवर किंवा मांडीवर, अंगठा वर, नजर खाली. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. तीन सेकंद खाली बघितलं तर पन्नास मीटर. म्हणजे डोळे मिटून अडीच खेळपट्ट्या पार, आणि समोर स्टंप नव्हे, पीएमपीची बस. एवढ्या जोखमीने वाचलेला मजकूर काय असतो? मी एका मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मित्राने 'हम्म' पाठवलं होतं." "मग?" "मी 'ओके' पाठवलं."

२०२० च्या ऑक्टोबरपासून नियम असा आहे की गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता शोधायला वापरता येईल, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. तेव्हापासून सगळा महाराष्ट्र रस्ता शोधतोय. ज्या गल्लीत जन्म झाला, ज्या गल्लीत मुंज झाली, त्या गल्लीत पकडलेला मुलगाही "काका, मॅप बघत होतो" म्हणतो.

मित्रांच्या 'हम्म'ला दोष देऊन मात्र भागत नाही. गाडीवर असताना मुलाच्या खिशात सर्वांत जास्त वेळा वाजणारा फोन घरचा असतो.

"हॅलो, कुठे पोचलास?"

"गाडीवर आहे."

"बरं बरं, सावकाश चालव. आणि ऐक..."

या 'आणि ऐक' नंतरची दोन मिनिटं जगातली सर्वांत धोकादायक दोन मिनिटं आहेत. "येताना अर्धा लिटर दूध आण. गाईचं. निळी पिशवी नको, परवा नासलं. आणि दुकानदाराला सांग मागचे बारा रुपये राहिलेत. आणि पप्पा विचारतायत तू त्यांचा चार्जर घेतलायस का. घेतलायस? मग कुठे ठेवलास? मधल्या कप्प्यात नाहीये, मी बघितलं. थांब, पप्पांना देते." इकडे सिग्नल पिवळ्याचा लाल झालाय, मुलाच्या एका हातात हँडल आहे, डोक्यात निळी पिशवी, आणि समोरून एक ट्रक चार्जरशी काही घेणं-देणं नसल्यासारखा येतोय.

बरं, फोन उचलला नाही तर? तर तो सात वेळा वाजतो. आठव्यांदा मागे बसलेल्या मित्राचा वाजतो. मित्र संस्कारी असतो, तो "काकू, हा बघा देतो," म्हणून आपला फोन चालवणाऱ्याच्या कानाला लावून धरतो. आता त्या गाडीवरचे दोन्ही हात एकाच आईच्या सेवेत. आणि त्यातूनही बोलणं झालंच नाही तर संध्याकाळी घरी खटला भरतो: "फोन कशाला घेऊन दिलाय तुला? माणसाचा जीव वर-खाली होतो!" या खटल्यातून मुलगा काय शिकतो? फोन न उचलणं हा गुन्हा, आणि गाडीवर उचलणं हा चांगुलपणा. काळजीपोटी केलेला फोन आणि त्या काळजीचं कारण या दोन्ही गोष्टी एकच होऊन जातात, पण आईला हे सांगायला जाणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मी नाही.

फोनचा आणखी एक उपयोग चौकात होतो. पोलीस, म्हणजे अर्थातच मामा, शिट्टी मारतात. "लायसन्स?" चिरंजीव शांतपणे खिशात हात घालतात, फोन काढतात, नंबर लावतात आणि मामांच्या पुढे धरतात. "पप्पांशी बोला." पलीकडून पप्पा आधी आपला हुद्दा सांगतात, मग मेहुण्याचा, मग गावाकडच्या एका पुढाऱ्याचा. मामांनी फोन न घेता पावती काढली तर पप्पांचा त्यांच्याविषयीचा आदर कायमचा जातो.

मामांना टाळण्यासाठी मात्र मराठी माणूस जी एकजूट दाखवतो तिला तोड नाही. एरवी एकमेकांना वाट न देणारे लोक समोरून येताना दिवे चमकवून, हाताने खुणा करून कळवतात, "पुढे उभे आहेत!" क्लासच्या ग्रुपवर गणिताच्या शंकांना उत्तर मिळायला दोन दिवस लागतात, मामा कोणत्या चौकात आहेत हे दोन सेकंदांत समजतं. या मुलांना बसची भीती नाही, ट्रकची नाही, ओल्या रस्त्याची नाही. भीती एकट्या मामांची, तीही महिनाअखेरीला थोडी जास्त.

आता तर मामाही प्रत्यक्ष थांबवत नाहीत, लांबून फोटो काढतात. ई-चलान थेट बाबांच्या मोबाइलवर येतं, फोटोसकट. एका गृहस्थांनी मला तो फोटो दाखवला. गाडीवर तिघं. पुढचा चालवतोय, मागचा रील काढतोय, मधला दिग्दर्शन करतोय. हेल्मेट एकालाही नाही. गृहस्थ संतापले होते. मला बरं वाटलं, म्हटलं आता हे कान धरणार. ते म्हणाले, "बघा ना! क्लास कोथरूडला आणि फोटो खडकवासल्याचा!"

गावाकडची गोष्ट थोडी निराळी, आणि तिथे मी इतक्या सहज हसत नाही. सांगली-कोल्हापूरकडे चौदा वर्षांचा मुलगा पहाटे दुधाचे दोन कॅन बांधून डेअरीला जातो, कारण वडील शेतात पाणी पाजायला रात्रीच गेलेत. हायस्कूल दुसऱ्या गावात. मुलींसाठी राज्यातल्या काही तालुक्यांत मानव विकास योजनेच्या निळ्या एसट्या आल्या, त्या वेळेवर आल्या तर पोरी शिकतात. पोरांची एसटी कधी येते ते फाट्यावरच्या टपरीवाल्यालाच ठाऊक. मग गाडी येते. त्या मुलाला हौस कमी, कामं जास्त. पण हंगामात संध्याकाळी कारखान्याच्या रस्त्याला उसाने लादलेली ट्रॉली उभी असते, मागे दिवा नाही, परावर्तक नाही, आणि त्या अंधारात कामाचा मुलगा आणि हौशी मुलगा यांत फरक करणारं कोणी नसतं.

हौशी मुलगा तिथेही आहेच, आणि त्याची हौस शहरापेक्षा मोठ्या अक्षरांत असते. नंबर प्लेट बघा. ४१४१ अशा बेताने लिहिलेलं की 'दादा' वाचावं, ८०५५ चा 'बॉस', २१४ चा 'राम'. गाडीचा खरा नंबर कोणता हे आरटीओला विचारा. सायलेन्सर बदललेला, त्यामुळे गाडी येतेय हे आधी म्हशींना कळतं, मग माणसांना. आणि वाढदिवसाला चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स: गॉगल लावलेले भाऊ, खाली बुलेट, भोवती चाळीस शुभेच्छुकांचे गोल चेहरे. कितवा वाढदिवस ते कुठेच लिहिलेलं नसतं. शुभेच्छुकांत एक चेहरा बहुतेक वेळा पोरांच्या मुख्याध्यापकांचाही असतो, त्यांना न विचारता घातलेला.

आमच्या सोसायटीपुरता या सगळ्याचा बंदोबस्त करायचा, असं गेल्या सर्वसाधारण सभेत ठरलं. अठरा वर्षांखालच्या मुलांनी गाडी फाटकाबाहेर नेऊ नये, असा ठराव एकमताने मंजूर झाला. मग दुरुस्त्या सुचवायला सुरुवात झाली. तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, औषध आणायला चालेल ना? चालेल. दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा म्हणाले, पावसात? पावसात कसं अडवणार, मूल भिजेल. परीक्षेच्या दिवशी? अर्थातच. आजीला देवळात सोडायला? देवाचं काम. शेवटी असं ठरलं की वॉचमनने कोणाला अडवायचं नाही, एका रजिस्टरमध्ये नोंद मात्र करायची.

आमचे वॉचमन नांदेडकडचे, निवृत्तीला आलेले, अक्षर वळणदार. त्यांनी रजिस्टर मनापासून ठेवलंय. परवा सहज चाळलं. रकाने आहेत: तारीख, फ्लॅट, गाडी, वय, कारण, येण्याची वेळ. वयाच्या रकान्यात त्यांनी सगळीकडे 'सांगत नाही' लिहिलंय. कारणं मात्र सविस्तर. 'दळण.' 'दळण आणायला.' 'दळण जाड आले म्हणून परत.' 'केस कापणे, आईच्या सांगण्यावरून.' 'क्लास. परत १० मिनिटांत. क्लास नव्हता म्हणतो.' 'कोथिंबीर.' 'कोथिंबीर म्हणून मेथी आणली, परत पाठवला.'

एक नोंद जरा लांब होती, समासात गेलेली. 'फ्लॅट ३०४. सकाळी ९.१०. वडील मोबाइल घरी विसरून ऑफिसला गेले, तो द्यायला. गेटवरच खिशातला फोन वाजला. उचलू नको म्हणालो, आधी गाडी थांबव. थांबवली नाही. वडीलच होते, ऑफिसच्या फोनवरून. मोबाइल घेऊन निघाला का, आणि गाडीवर बोलत तर नाहीस ना, असे विचारत होते. नाही म्हणाला.'